बोळवणीचं गाणं

“पंखा बंद करतो हं, मावशी. माइकमध्ये घरघर येते.”

“करा की. तुमचंच घर हाय,” हौसामावशी म्हणाल्या आणि पदराने मान पुसून स्टुलावर पुन्हा ताठ बसल्या.

मे महिना होता. कोल्हापुरातल्या माझ्या स्टुडिओच्या त्या खोलीला एकही खिडकी नव्हती. भिंतींना कापसाच्या गाद्या ठोकलेल्या, दाराला वर जाड रबर. पंखा बंद केला की पाच मिनिटांत माणूस शिजायला लागायचा. काचेच्या त्या बाजूला मावशी, या बाजूला मशीनसमोर मी आणि माझ्यामागे बाकावर किमया.

“आता म्हणा बोळवणीचं गाणं,” मी माइकवरून सांगितलं.

मावशींनी खोलीभर नजर फिरवली. “कुनाची बोळवण?”

“गौरीची.”

“गवर कुठं आलीया अजून? भादव्यात येती ती. आलीच न्हाई तिला घालवू कशी?”

मी मागे वळून किमयाकडे पाहिलं. तिने दोन्ही हात जोडले आणि ‘तूच बघ आता’ अशी मान हलवली.

ही शहाण्णव सालची गोष्ट. किमया हे नाव मुंबईच्या कॅसेट कंपनीने दिलेलं. मूळची ती कुसुम खोराटे, आजऱ्याजवळच्या एका वाडीतली. आई लहानपणीच गेली, तेव्हा हौसामावशींनी तिला वाढवलं. वयाच्या तेविसाव्या वर्षी तिचं एक गाणं असं गाजलं की चार वर्षं महाराष्ट्रात त्याच्याशिवाय लग्नाची वरात निघेना. पुढच्या दोन कॅसेट मात्र दुकानदारांनी परत पाठवल्या. पॉपचं पीक तेव्हा असंच होतं, एका हंगामात डोक्यावर, दुसऱ्या हंगामात पायाखाली. मग कंपनीचे मालक छेडाशेठ यांनी तिला शेवटची संधी म्हणून सणाची कॅसेट दिली. नाव ठरलं ‘आली गवराय’. सहा गाणी गणपतीची, ठेक्यावर नाचता येतील अशी, आणि शेवटचं एक अस्सल गावाकडचं. गणपतीच्या पंधरा दिवस आधी बाजारात. त्यानंतर गणपतीच्या दिवसांत अकरा गावांत अकरा कार्यक्रम, तेही आधीच ठरलेले.

गावाकडचं गाणं म्हणजे मावशींचं. गौर तीन दिवसांची माहेरवाशीण. तिसऱ्या दिवशी तिला नदीवर पोचवायला जाताना बायका जे म्हणतात, ते. कुसुमच म्हणाली होती, “माझ्या मावशीसारखी बोळवण पंचक्रोशीत कोणी करत नाही.” म्हणून मावशींना एसटीने बोलावून घेतलं, माझ्या घरी उतरवलं आणि हे सगळं ठरवताना त्यांना कोणीच काही विचारलं नाही.

आदल्या संध्याकाळी कुसुमने मला पर्समधून एक कागद काढून दाखवला होता. मुंबईच्या घशाच्या डॉक्टरांचा.

“स्वरतंतूंवर गाठी आल्यात, अरुदा. तीन महिने तोंडातून शब्द काढायचा नाही म्हणाले.”

“आणि काढला तर?”

“तर पुढे आपोआपच गप्प व्हाल, म्हणाले.” ती हसली. हसण्यातही खरखर होती.

“छेडाशेठना सांगितलंस?”

“वेडा आहेस का? कॅसेट दुसरीला देतील. सहा गाणी कशीतरी करू, मग जून-जुलै मी गप्प बसते, ऑगस्टपासून तालमी. गणपतीपर्यंत होईल सगळं नीट.”

“तीन महिने सांगितलेत ना? तुझे तर दोनच होतात.”

“अरुदा, तू हिशेब नको करूस, तू पेटी वाजव. आणि मावशीला तर अजिबात बोलायचं नाही. ती मला उचलून घेऊन जाईल.”

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” मी म्हणालो. हे मी तिच्यासाठी म्हणालो असं मला तेव्हा वाटलं. खरं असं होतं की त्या कॅसेटच्या वेष्टनावर ‘संगीत संयोजन : अरुण तारदाळकर’ असं छापून येणार होतं. तोपर्यंत माझं नाव फक्त एका बँडपथकाच्या गाडीवर रंगवलेलं होतं, तेही तारदाळकरातला एक काना खाऊन.

तर मावशी. मी काचेतून त्यांना समजावू लागलो की हे नुसतं रेकॉर्डिंग आहे, भाद्रपदात लोक ऐकतील, तेव्हा गौर आलेलीच असेल. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“तसं न्हवं, अरुणराव. ते गानं तयार नसतंय. दर साली निराळं असतं.”

“निराळं कसं?”

“गवर तीन दिस घरात बसती. काय बघती, काय खाती, कुनाच्या घरात काय दुखतंय, ते समदं तिच्या कानावर घालायचं असतंय जाताना. गेल्या साली पाटलाच्या म्हशीचं घातलं, सुताराच्या लेकीला पोर झालं त्याचं घातलं. औंदाचं औंदा कळंल. मी आत्ता काय म्हणतो?”

आमच्याकडच्या खेड्यातल्या बायका ‘मी म्हणतो, मी जातो’ असंच बोलतात. मुंबईहून आलेल्या माणसाला गंमत वाटते, आम्हाला वाटत नाही.

“मग दर वर्षी सारखं काहीच नसतं?”

“चाल असती की. आनि शेवटची ओळ. ती बदलायची न्हाई.”

“तेवढी म्हणून दाखवा. मला तुमची पट्टी बघू दे.”

त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या,

*जा गं गवराबाई, पुढल्या सालाला ये.*

एवढंच. आवाज जाडा, थोडा नाकातला, पण आडव्या रेषेसारखा सरळ. माझ्या हाताला सवय होती, कोणी माइकसमोर बसलं की मशीन चालू करायचं. त्यामुळे ती ओळ टेपवर आली. मी डबीवर ‘चाल’ असं लिहून ती बाजूला ठेवली.

ते दोन दिवस आम्ही कुसुमची गाणी केली. मावशींना घरी बसा म्हटलं तर बसेनात. माझ्या बायकोने, शालनने, दुपारचा डबा पाठवला की त्या आमच्यासोबत जेवायच्या आणि बाकी वेळ त्या बाकावर मांडी घालून बसायच्या. मी टेप ब्लेडने कापून चिकटपट्टीने जोडत होतो. कुसुमने एखाद्या ओळीचा शेवट चांगला म्हटला आणि सुरुवात बिघडवली, तर दुसऱ्या वेळची सुरुवात कापून आणायची आणि इथे जोडायची. बाहेर ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही.

“हे शिवनकाम हाय की,” मावशी म्हणाल्या.

“तसंच समजा.”

“ठिगळ दिसत न्हाई मातर.”

मला ते ऐकून अभिमान वाटला.

कुसुमला वरचे सूर लागत नव्हते. पहिल्या गाण्याला मी पट्टी अर्ध्या सुराने उतरवली, दुसऱ्याला एकाने, चौथ्या गाण्यापर्यंत दोनाने. जिथे तेही जमेना तिथे चार मुलींचा कोरस घातला. काचेपलीकडे ती गाण्याच्या मधल्या संगीतात गळा धरून उभी राहायची आणि ओळ आली की हसरा चेहरा करून माइककडे यायची. माइकला चेहरा दिसत नाही, पण तिला सवयच तशी लागली होती. मावशी तिच्यासाठी हळद घातलेलं दूध आणायच्या. कुसुम “ठेव, पिते” म्हणायची आणि विसरायची. दुधावर साय धरायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुसुम बाहेर गेलेली असताना मावशींनी मला विचारलं, “ह्ये गानं काल ती वर म्हणत हुती. आज खाली का आनलंसा?”

“गाण्याला तसंच शोभतं, मावशी.”

“असंल. मला काय कळतंय?”

त्यांना सगळं कळत होतं, आणि मला कळत होतं की त्यांना कळतंय. पण सोंग घेतलेल्या माणसाला उठवता येत नाही म्हणतात ना, तसे आम्ही तिघंही त्या गादीच्या खोलीत झोपेचं सोंग घेऊन बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहावं गाणं संपलं. कुसुमला वेष्टनावरच्या फोटोसाठी मुंबईला जायचं होतं, गाडी बाहेर येऊन उभी होती. बोळवणीचं गाणं झालं नव्हतं. सकाळपासून छेडाशेठचा दोनदा फोन आला होता. मी ठरवलं होतं की कुसुमला ऐकून आठवतात त्या चार ओळी कोरसकडून घ्यायच्या आणि काम उरकायचं. आंधळा मागतो एक डोळा, आणि इथे तर अर्धाही मिळत नव्हता.

कुसुमने पर्स उचलली, काचेच्या आत गेली आणि तिथे पंख्याखाली स्टुलावर बसलेल्या मावशींच्या पाया पडली. “जाते गं. सणाला जमायचं नाही, कार्यक्रम आहेत. दिवाळीला येते.”

मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, “अरुणराव, पंखा बंद करा.”

“काय झालं?”

“तीन दिस झालं न्हवं? आनि ही चाललीया न्हवं? मग हिचीच करतो की बोळवण.”

कुसुम हसली. “मावशी, मी काय गवर आहे का?”

“तू न्हवंस तर कोन? जा, तिकडं बस.”

ती काचेच्या या बाजूला आली, पण बसली नाही. माझ्यामागे उभी राहिली. मी मशीन चालू केलं. मावशींनी डोळे मिटले नाहीत, सरळ काचेतून तिच्याकडे बघत सुरुवात केली. ना पेटी, ना ठेका.

*आली माझी गवराय काचंच्या खोलीत,*
*फुटक्या गळ्याचं दुखनं लपवी बोलीत.*

मागून श्वास ऐकू आला.

*दूध-हळद म्या दिली, कपात निवून गेली,*
*सूर उतरवला कुनी, लेक उतरून गेली.*

मागे बाक सरकला, जड दार उघडल्याचा आवाज झाला आणि पावलं बाहेर गेली. मी वळून पाहिलं नाही. मशीनवर आवाज दाखवणाऱ्या सुया नाचत होत्या आणि माझे डोळे त्यांच्यावर होते. काचेपलीकडे मावशींनी दाराकडे एकदा पाहिलं, पण गाणं थांबवलं नाही. अजून चार ओव्या म्हटल्या. कुसुमच्या आईच्या, त्यांच्या वाडीतल्या विहिरीच्या, शालनच्या हातच्या आमटीच्या. मग शेवटच्या ओळीची वेळ आली. ती बदलायची नसते असं त्यांनीच मला सांगितलं होतं. त्या थांबल्या, ओठ मिटले, आणि म्हणाल्या,

*जा म्हनू कशी तुला, जीभ माझी वळंना,*
*ऱ्हा गं घरला बाई, दुखनं तुझं तुला कळंना.*

आणि स्टुलावरून उतरून पंखा स्वतःच लावला.

बाहेर येऊन पाहिलं तेव्हा गाडी निघून गेलेली होती. मावशींनी विचारलं, “ऐकलं का तिनं?” मी म्हणालो, “ऐकलं असेल. नाहीतर कॅसेटमध्ये ऐकेलच की.”

त्या संध्याकाळच्या गाडीने मावशी गावी गेल्या. जाताना म्हणाल्या, “सणाला या. गवरीची भाजी-भाकरी खायला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाणं पुन्हा लावलं. तेहतीस वर्षं या धंद्यात आहे. इतकं चांगलं काही माझ्या टेपवर त्याआधी आलं नव्हतं आणि नंतरही आलं नाही. ऐकताना मी रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाज पुढच्या गोष्टीची वाटते.

मी ब्लेड घेतलं. गळ्याची ओवी कापली, दुधाची कापली. मधल्या चार ठेवल्या. शेवटची ओवीही कापली. ‘चाल’ लिहिलेली डबी काढली, त्यातली ओळ घेतली आणि तिथे जोडली. *जा गं गवराबाई, पुढल्या सालाला ये.* पट्टी तीच, खोली तीच, बाई तीच. सांधा कळला नाही.

कोणी मला हे करायला सांगितलं नव्हतं. छेडाशेठनी मूळ गाणं कधी ऐकलंच नाही. मी स्वतःला सांगितलं की सणाच्या कॅसेटचा शेवट रडका असू नये, आणि बोळवणीला ‘पुन्हा ये’ हवंच. खरं कारण हे की ती ओवी लोकांनी ऐकली असती तर दुसऱ्या दिवशी अकराही गावांतून विचारणा आली असती, बाईंचा गळा कसा आहे? कार्यक्रम गेले असते, कार्यक्रमांवाचून कॅसेट गेली असती, आणि कॅसेटबरोबर वेष्टनावरचं नाव. कापलेले तुकडे फेकवेनात म्हणून मूळ क्रमाने जोडून एका जुन्या डबीत ठेवले. चोराला जेवढी चाड असते तेवढी मला होती.

कॅसेट ऑगस्टअखेर आली. नाचायची गाणी बरी चालली, पण गाजलं ते शेवटचं. गणपती बसायच्या आधीच ते कोल्हापुरात दुकानादुकानांत लागलेलं मी ऐकलं. छेडाशेठनी फोनवर पहिल्यांदाच मला ‘अरुणभाई’ म्हटलं. “म्हातारीने कमाल केली, अरुणभाई! पुढच्या वर्षी दोन गाणी घ्या तिची.” वेष्टनावर माझं नाव होतं. सगळे काने जागेवर होते.

गौरी आल्या तेव्हा कुसुमचे पाच कार्यक्रम झाले होते. मी स्टुडिओला कुलूप लावून आजऱ्याला गेलो. का गेलो ते नक्की सांगता येणार नाही. आमंत्रण होतं हे एक. मावशी कॅसेटबद्दल काही बोलतात का ते बघायचं होतं, हे दुसरं.

त्या काहीच बोलल्या नाहीत. पाट दिला, भाकरी दिली, शेपूची भाजी दोनदा वाढली. शेजारच्या घरात टेपवर त्यांचंच गाणं चालू होतं. विसर्जनाच्या दिवशी दुपारी वाडीतल्या सगळ्या बायका तेरड्याची गौर घेऊन नदीवर निघाल्या आणि मी मागून चालू लागलो. मावशी पुढे. त्यांनी त्या सालच्या ओव्या सुरू केल्या. कोणाची विहीर आटली, कोणाचा मुलगा फौजेत गेला, बायका मागून धरत होत्या. आणि मग,

*शहराचा पाव्हना आला, खिशात त्याच्या कातर,*
*कापलं माझं गानं बाई, सांगा कुनाच्या खातर?*

बायका हसल्या. त्यांना वाटलं थट्टा आहे. दोघी-तिघींनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो. दुसरं काय करणार?

परत येताना मावशी मुद्दाम मागे राहिल्या.

“तिनं शेवटचं ऐकलं हुतं का, अरुणराव? खरं सांगा.”

“नाही. ती मध्येच गाडीत जाऊन बसली होती.”

“म्हंजे कॅसेट ऐकून तिला वाटलं असंल, मावशी जा म्हणती.”

मी चालत राहिलो.

“मी जा म्हणालोच न्हाई,” त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “हे चार महिनं मी मनात म्हणतो, पोरीनं ऐकलं आनि तरी गेली. तिच्यावर राग धरून बसलो. तिनं ऐकलंच न्हवतं व्हय!”

“माझं चुकलं, मावशी.”

“चुकलं ते हाईच. खरं गानं ठेवलंय का टाकलंय?”

“आहे.”

“मग तिला नेऊन ऐकवा. उद्याच्या उद्या. अजून चार कार्यक्रम ऱ्हायल्यात म्हणं.”

मी त्याच संध्याकाळी कोल्हापूर गाठलं. सकाळी डबीतली टेप काढून साध्या कॅसेटवर गाणं उतरवलं, वॉकमन घेतला आणि दुपारी चारला सांगलीची बस धरली. आठवा कार्यक्रम तिथल्या नाट्यगृहात साडेसहाला होता.

मी पोचलो तेव्हा सव्वासहा वाजले होते. मेकअपच्या खोलीत कुसुम एकटीच आरशासमोर बसली होती, गळ्याभोवती लोकरीचा मफलर. मला पाहून तिचा चेहरा फुलला. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि समोरची वही दाखवली. दिवसभर ती बोलत नसे, संध्याकाळच्या दोन तासांसाठी आवाज साठवायची. वहीत तिने लिहिलं, ‘अरुदा! तू इकडे कसा?’

“कुसुम, मी त्या गाण्यात कापाकापी केली आहे,” मी उभ्यानेच सांगितलं. “बोळवणीच्या. मावशींनी शेवट तसा म्हटला नव्हता. हे खरं आहे. तू ऐक आणि मग मला काय म्हणायचं ते म्हण.”

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मग वॉकमनचे हेडफोन कानांना लावले. गाणं पाच मिनिटांचं होतं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. ती रडेल, उठून माझ्या थोबाडीत मारेल, मफलर फेकून थेट आजऱ्याला निघेल, असं सगळं मी बसमध्ये मनाशी रंगवलेलं होतं. यातलं कशालाही मी तयार होतो. पण तिचा चेहरा हलला नाही. ओळखीच्या रस्त्याने जाणाऱ्या माणसाचा असतो तसा तो राहिला. गाणं संपल्यावर तिने हेडफोन काढले, वायर नीट गुंडाळली आणि वही पुढे ओढली.

बाहेर दुसरी घंटा झाली. ती लिहीत होती. अक्षर शाळेतल्यासारखं, सुटं सुटं.

‘मी गाडीत बसले नव्हते. तुझ्या दाराबाहेर उभी होते. दार नीट लागलं नव्हतं. शेवटपर्यंत ऐकलं, मग गेले.’

मी वाचलं आणि तिच्याकडे बघितलं. तिने वही परत ओढून घेतली.

‘थांबते असं माझ्या तोंडाने शेठना सांगायची हिंमत नव्हती. वाटलं, कॅसेटवर येईल. सगळ्यांना कळेल. मग थांबावंच लागेल. मुंबईपर्यंत मला इतकं हलकं वाटत होतं, अरुदा.’

पेन थोडा वेळ तसाच कागदावर टेकलेला राहिला. मग तिने खाली आणखी एक ओळ लिहिली.

‘कॅसेट हातात आली तेव्हा पहिल्यांदा तेच गाणं लावलं.’

तिसरी घंटा झाली. दारावर कोणीतरी टकटक करून “ताई, पडदा” म्हणालं. तिने मफलर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, आरशात कुंकू नीट केलं आणि उठली. दारापर्यंत गेली. कडीला हात लावून वळली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. नुसती उभी राहिली. बाहेर सातशे माणसं होती, शिट्ट्या येत होत्या, वादक सूर लावत होते. काही बोलायचं असेल तर ते मीच बोलायचं होतं, आणि त्या खोलीत गळा फक्त माझाच धड होता.

“जा,” मी म्हणालो, “तिसरी झाली. लोक खोळंबलेत.”

ती गेली. उरलेले तीन कार्यक्रमही तिने केले. त्यातल्या शेवटच्यात, अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी, चौथ्या गाण्याला तिने तोंड उघडलं तेव्हा त्यातून काहीच आलं नाही.